सकाळी दहा मिनिटं वहीत लिहून ताण हलका करायचा असेल तर हा क्रम पाळा

"रोज सकाळी मनातलं लिहून काढा, बरं वाटेल," हा सल्ला बहुतेकांनी ऐकलेला असतो. वही येते, तीन-चार दिवस पानंच्या पानं भरतात आणि मग तक्रार सुरू होते, की लिहिल्यावर तर जास्तच धडधडायला लागलं. ही तक्रार खरी असते. काळजी जशी डोक्यात होती तशीच कागदावर उतरवली आणि तिथेच सोडून कामाला निघालं, तर ती दिवसभर मागे मागे येते.

सकाळच्या लिखाणात किती लिहिलं याला फारसं महत्त्व नाही. पान कुठे येऊन संपलं ते बघा. आज करता येईल अशा एखाद्या बारक्या कामावर ते संपलं पाहिजे. खालचे सगळे टप्पे तिथे पोचण्यासाठी आहेत, म्हणून त्यांचा क्रम बदलू नका. वेळ एकूण दहा मिनिटं.

## सुरू करण्याआधी: एक गल्लत काढून टाका

लिखाणाच्या दोन वेगळ्या पद्धती लोक एकत्र करतात. पहिली जड आहे. जेम्स पेनेबेकर आणि सँड्रा बील या अमेरिकी संशोधकांनी १९८६ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात विद्यार्थ्यांना सलग चार दिवस, रोज पंधरा मिनिटं, आयुष्यातल्या सगळ्यात क्लेशाच्या प्रसंगाबद्दल लिहायला सांगितलं होतं. लिहून उठताना त्या मुलांना आधीपेक्षा वाईटच वाटत होतं. फायदा दिसला तो पुढच्या काही महिन्यांत, दवाखान्याच्या फेऱ्या कमी झाल्या त्यातून. म्हणजे ती पद्धत चार दिवसांची होती आणि लिहिल्यानंतर काही वेळ जड जाणार हे तिच्यात गृहीतच होतं.

दुसरी पद्धत रोजच्या ताणाची: कर्जाचा हप्ता, मुलाचा निकाल, साहेबांचा फोन, सासऱ्यांची औषधं. हा लेख फक्त तिच्याबद्दल आहे. पहिल्या पद्धतीचं लिखाण सकाळी साडेसहाला करून साडेआठची भुसावळ गाडी पकडायला पळणं म्हणजे जखमेची पट्टी काढून तसंच बाजारात जाणं. जुनं, खोल दुखणं असेल तर ते सुटीच्या दुपारसाठी ठेवा. शक्यतो जवळ कुणीतरी माणूस असताना, आणि फार खोल असेल तर समुपदेशकाबरोबर.

सावध: जगणं नकोसं वाटत असेल, जिवाचं बरंवाईट करण्याचे विचार येत असतील, तर वही बाजूला ठेवा. टेली-मानस या मानसिक आरोग्याच्या हेल्पलाइनचा १४४१६ हा सरकारी क्रमांक चोवीस तास, मोफत चालतो आणि मराठीत बोलता येतं. घरच्या एखाद्या माणसालाही त्याच दिवशी सांगा.

## आदल्या रात्रीची तयारी

निम्मे लोक इथेच घसरतात. सकाळी उठून पेन शोधायला लागलं की दहा मिनिटं गेलीच म्हणून समजा.

वही. साधी शंभर पानी वही घ्या. बँकेतून किंवा कृषी सेवा केंद्रातून नव्या वर्षात मिळालेली तारखांची डायरी नको. तिच्यात चार दिवस लिहायचं राहिलं की ती चार कोरी पानं रोज टोचतात आणि पाचव्या दिवशी डायरी माळ्यावर जाते. हिशेबाच्या वहीची मागची पानंही नकोत. उलटताना खताची उधारी डोळ्यासमोर येते आणि लिहायला बसलेला माणूस बेरीज करत बसतो.

आडोसा. आपल्याकडे आठ माणसांच्या घरात वही कुणीतरी उघडणारच, मुलं तर नक्कीच. कुणी वाचेल अशी धास्ती असली की हात आपोआप गोड गोड लिहायला लागतो, आणि तसल्या लिखाणाचा काही उपयोग नाही. यावर साधा उपाय म्हणजे सुटे कागद. रोज एक पाठकोरा कागद घ्यायचा, लिहायचं, शेवटचं काम तेवढं दुसरीकडे उतरवून घ्यायचं आणि कागद फाडून चुलीत टाकायचा. पुढे आठवड्याची उजळणी सांगितली आहे ती मग करता येणार नाही, पण खोटं भरलेल्या वहीपेक्षा खरं लिहून फाडलेला कागद केव्हाही बरा.

जागा. ओटा, गच्ची, देवघराचा कोपरा, स्वयंपाकघरातला पाट, काहीही चालेल, पण रोज तीच. मे महिन्यात जळगाव-भुसावळकडे पारा ४४-४५ ला टेकतो, तेव्हा गच्चीवर अंथरुणाशेजारीच वही ठेवा. उजाडलं की लगेच लिहून मोकळं व्हा, खाली आल्यावर घामाच्या धारांत कुणी लिहीत नाही.

फोन. गजर फोनवर लावत असाल तर फोन दुसऱ्या खोलीत ठेवा आणि वेळेसाठी हातातलं घड्याळ वापरा. केळीचा भाव, कापसाचा भाव, शाळेचा ग्रुप आणि वीस जणांचं "शुभ सकाळ" एकदा डोळ्यांखालून गेलं की डोक्यात तुमचं काही उरत नाही. मग वहीत लिहिली जाते ती ग्रुपची काळजी.

उद्याच्या कामांची यादी. ती रात्रीच करा, सकाळच्या पानावर नको. अमेरिकेतल्या बेलर विद्यापीठात मायकेल स्कलिन यांच्या गटाने २०१८ साली एक प्रयोग प्रसिद्ध केला. झोपण्याआधी पाच मिनिटं पुढच्या दिवसांतली कामं लिहिणाऱ्यांना, झालेली कामं लिहिणाऱ्यांपेक्षा साधारण नऊ मिनिटं लवकर झोप लागली. रात्रीची यादी वेगळ्या चिठ्ठीवर असू द्या.

तपासा: झोपताना तीन गोष्टी एका जागी आहेत का? वही किंवा कागद, चालणारं पेन, घड्याळ. असतील तर दिवा घालवा.

## टप्पा १: शरीराची एक ओळ (१ मिनिट)

चूळ भरा, तोंडावर पाणी मारा, घोटभर पाणी प्या. चहा आधी की नंतर याची चर्चा नको. चहाशिवाय डोळे उघडत नसतील तर चहा घेऊन बसा. मात्र रोज एकाच गोष्टीच्या मागे बसा: दूध तापवून झालं की, गोठ्यातून आलं की, देवापुढे दिवा लावला की. नवी सवय जुन्या सवयीला बांधली की टिकते.

तारीख टाका आणि शरीराबद्दल एक ओळ लिहा. झोप कशी झाली, आत्ता कुठे जड आहे, कुठे आवळल्यासारखं आहे. "मूड ठीक नाही" या वाक्यातून काहीच कळत नाही. "चारला जाग आली, परत झोप नाही, मान आखडली आहे, पोटात गोळा" यातून कळतं. घरात अहिराणी बोलत असाल तर अहिराणीतच लिहा, लेवा बोली असेल तर लेवा बोलीत, पावरी असेल तर पावरीत. "माले धाक वाटस" एवढं खरं लिहिलेलं पुरे. शुद्धलेखन तपासायला गुरुजी येणार नाहीत.

## टप्पा २: डोक्यात आहे ते खाली उतरवा (४ मिनिटं)

आता जे जे डोक्यात फिरतंय ते लिहा. एका गोष्टीला एकच ओळ. दोन गोष्टी एका ओळीत घातल्या की पुढच्या टप्प्यात त्या सुटत नाहीत. हात थांबू देऊ नका. काही सुचत नसेल तर "काही सुचत नाही" लिहा, पुढची ओळ येतेच.

इथली नेहमीची चूक म्हणजे गोष्ट रंगवणं. "वहिनी असं म्हणाली, मग मी असं म्हणालो, मग ती..." या रस्त्याला लागलात की चार मिनिटं वहिनीलाच गेली. "वहिनी काल सगळ्यांसमोर बोलली ते लागलं." बस, पुढची ओळ.

दुसरी चूक आपल्या भाषेतूनच येते. "माझं नशीबच असं", "आपल्याला कोण विचारतो" ही वाक्यं हाताला पटकन सुचतात आणि त्यांच्यापाशी विचार थांबतो. लिहिली गेली तर खोडू नका, पण त्याच्या शेजारी "कशावरून?" एवढं टाका आणि पुढे चला. उत्तर टप्पा ३ मध्ये.

जुनं मोठं दुखणं मध्येच वर आलं तर त्याला एक ओळ द्या, समोर "रविवार" लिहा. आज त्यात उतरायचं नाही.

तपासा: चार मिनिटं झाली की थांबा, वाक्य अर्धं असलं तरी. "आज फार साचलंय" म्हणून पंधरा मिनिटं लिहिणाऱ्यांचा टप्पा ४ कधीच होत नाही, आणि त्यांनाच नंतर धडधड होते.

## टप्पा ३: प्रत्येक ओळ नेमकी करा, मग खूण करा (३ मिनिटं)

खरं काम इथे आहे. बहुतेक जण टप्पा २ नंतर वही मिटतात.

ताण देणारी ओळ सहसा मोघम असते. "शेतीचं काय होणार", "पोराचं कसं होईल", "नोकरीत काही खरं नाही". अशा वाक्याशी झुंजता येत नाही, कारण त्यात धरायला काही नसतं. म्हणून प्रत्येक ओळीला एक प्रश्न विचारा: नक्की काय झालंय, किंवा नक्की कशाची भीती आहे? उत्तरात नाव, आकडा, तारीख किंवा जागा आली पाहिजे.

- "पैशाचं टेन्शन" याचं "पाच तारखेला फी भरायची आहे, चार हजार कमी पडतायत."
- "अभ्यास होत नाही" याचं "गणिताचे दोन धडे हात न लावता पडलेत, सराव परीक्षा सोमवारी."
- "साहेब माझ्यावर चिडलेत" याचं "काल फाइल परत पाठवली, कारण सांगितलं नाही."

तिसरं उदाहरण नीट बघा. साहेब चिडलेत हा आपला अंदाज होता. घडलं ते एवढंच, की फाइल परत आली. घडलेलं आणि अंदाज वेगळे केले की पुष्कळ ओळी तिथेच निम्म्या होतात. टप्पा २ मधल्या "कशावरून?"चं उत्तरही असंच मिळतं, बहुधा एखाद्या प्रसंगाच्या रूपात.

मग प्रत्येक ओळीपुढे तीनपैकी एक अक्षर टाका.

ह म्हणजे हातात आहे: आज किंवा या आठवड्यात मी काहीतरी करू शकतो.
वा म्हणजे वाट बघायची: निकाल, पाऊस, तपासणीचा रिपोर्ट, समोरच्याचं उत्तर.
सो म्हणजे सोडायचं: झालेलं, बदलता न येणारं, किंवा मुळात माझं नसलेलं.

"वा" खुणेपुढे तारीख टाकणं सक्तीचं. "रिपोर्ट गुरुवारी, तोवर यावर विचार नाही." तरीही विचार येतच राहिला तर संध्याकाळची एक ठरावीक वेळ त्याला द्या. टॉम बोर्कोव्हेक आणि सहकाऱ्यांनी १९८३ साली मांडलेली युक्ती हीच आहे: काळजीसाठी रोज अर्धा तास, ठरलेल्या वेळी आणि ठरलेल्या जागी. दिवसभरात काळजी उगवली की तिला त्या वेळेवर ढकलायचं.

सावध: सगळ्याच ओळींपुढे "सो" यायला लागलं तर तो शहाणपणा समजू नका. बहुतेक वेळा तो थकवा असतो. अशा दिवशी एक तरी ओळ परत वाचा आणि तिच्यातला आपल्या हातातला तुकडा शोधा. पाऊस आपल्या हातात नाही, विम्याची पावती सापडतेय का ते बघणं आहे.

## टप्पा ४: एक काम, वेळ आणि जागेसह (२ मिनिटं)

"ह" खुणेच्या ओळींपैकी एकच निवडा. सगळ्यात मोठी नको, आज नक्की होईल अशी. वाक्य असं लिहा: अमुक वेळी, अमुक ठिकाणी, मी अमुक करीन.

"कर्जाचं बघतो" हे काम होत नाही. "दुपारी बाराला सोसायटीत जाऊन किती भरायचं आणि शेवटची तारीख कोणती एवढं विचारून येतो" हे काम. पैसे भरायचे नाहीत, फक्त विचारून यायचं. ताणाखालच्या माणसाला पहिली पायरी जेवढी लहान दिली तेवढी बरी. अर्ध्या तासात होणार नाही असं काम दिसलं तर त्याचे दोन तुकडे करा आणि पहिला तेवढा घ्या.

रोज एकच का, असं विचारलं जातं. पाच लिहिली की दोन होतात, आणि रात्री डोक्यात राहतात ती न झालेली तीन.

## एक पूर्ण पान, नमुन्यासाठी

यावल तालुक्यातल्या केळीच्या घरातलं, मेच्या मध्यावरचं एखादं पान असं दिसेल. माणसं कल्पित आहेत.

*१४ मे. झोप तुटक. खांदे जड. छातीत धडधड.*

*काल वारा सुटला, बाग पडली तर?*
*→ बाग निसवली आहे, घडांचं ओझं आहे, बांधाकडच्या ओळींना टेकू नाही. ह*

*सोसायटीचं कर्ज.*
*→ नक्की आकडा मला माहीत नाही, ह्यांना माहीत आहे. ह*

*पोराच्या नीटचं काय होईल.*
*→ पेपर देऊन झाला. निकाल लागेपर्यंत करण्यासारखं काही नाही. वा, निकालाच्या दिवशी.*

*जाऊ लग्नात बोलली ते.*
*→ हळदीच्या दिवशी साडीवरून बोलली. होऊन गेलं. सो*

*मामंजींच्या बीपीच्या गोळ्या.*
*→ दोन दिवसांच्या उरल्यात. ह*

*आजचं काम: आठच्या आत बागेत जाऊन बांधाकडच्या किती झाडांना टेकू लागतील ते मोजीन.*

इथे "टेकू लावीन" असं लिहिलेलं नाही, "मोजीन" लिहिलंय. मजूर मिळाले नाहीत तरी मोजणं होतंच, आणि आकडा हातात आला की पुढचा फोन सोपा जातो. गोळ्यांची ओळ रात्रीच्या यादीत गेली, फैजपूरला कुणी जाणार असेल तर आणायला. कर्जाचा आकडा जेवताना नवऱ्याला विचारता येतो.

## टप्पा ५: मिटा आणि उठा

लिहून झालं की वाचू नका. फोटो काढू नका, स्टेटसला तर अजिबात ठेवू नका. दुसरं कुणी बघणार म्हटलं की पुढच्या दिवशीचं पान त्यांच्यासाठी लिहिलं जातं. वही जागेवर ठेवा आणि कामाला लागा. आजचं काम तेवढं हाताच्या तळव्यावर किंवा चिठ्ठीवर उतरवून घ्या.

"रोज तीन चांगल्या गोष्टी लिहा" हा प्रकार इथे मुद्दाम घातलेला नाही. मनापासून आलं तर शेवटी एक ओळ जरूर लिहा. पण दुष्काळी सकाळी ओढूनताणून कृतज्ञता लिहायला लावली की माणूस स्वतःवरच चिडतो, हे मी पुष्कळांच्या बाबतीत बघितलं आहे.

## घडी बसत नाही अशा सकाळी

काही दिवशी दहा मिनिटं मिळणारच नाहीत. आधीच ठरवून ठेवा.

नळाचा दिवस. आमच्याकडच्या बऱ्याच गावांत पाणी काही दिवसांआड येतं. त्या सकाळी हंडे-टाक्या भरण्यापलीकडे काही होत नाही. तीन ओळींचं पान करा: शरीर, सगळ्यात मोठी काळजी नेमक्या शब्दांत, आजचं काम. दोन मिनिटं.

रात्रीचं पाणी भरणं, पाळीची नोकरी. रात्रीच्या लायटीवर मोटर चालवून पहाटे झोपलात, किंवा भुसावळला रेल्वेत रात्रपाळी केलीत, तर तुमची सकाळ म्हणजे उठल्यानंतरचा पहिला तास. मग तो दुपारी दोनला का असेना. झोपण्याआधी पेंगुळलेल्या डोळ्यांनी लिहू नका, त्या वेळी सगळंच काळं दिसतं.

लग्नसराई, आखाजी (अक्षय्य तृतीया), कानबाईचा सण. पाहुण्यांनी भरलेल्या घरात लिहू नका. दोन-तीन दिवस सुट्टी घ्या आणि परत सुरू करण्याची तारीख आधीच पानावर टाकून ठेवा. फिलिपा लॅली यांच्या लंडनमधल्या २०१० सालच्या अभ्यासात सवय अंगवळणी पडायला सरासरी ६६ दिवस लागले. कुणाला १८ पुरले, कुणाला २५४ लागतील असा अंदाज निघाला. एखादा दिवस चुकल्याने फारसं बिघडलं नाही. एकवीस दिवसांचा जो आकडा सगळीकडे फिरतो तो विसरा, बाविसाव्या दिवशी उगाच निराशा होते.

## आठवड्यातून एकदा उलटून बघा

रविवारी किंवा आठवडे बाजाराच्या दिवशी, सकाळचं पान लिहून झाल्यावर, मागची पानं भराभर चाळा. सगळं वाचत बसू नका, फक्त तीन गोष्टी शोधा.

एक, कोणती ओळ पुन्हा पुन्हा आली? तिच्याभोवती गोल करा. सात दिवसांत पाच वेळा "ह" खूण आणि एकदाही काम नाही, अशी ओळ असेल तर काम मोठं धरलंय किंवा ते एकट्याच्या आवाक्यातलं नाही. पुढच्या आठवड्यातलं पहिलं काम म्हणजे त्याबद्दल एका माणसाशी बोलणं.

दोन, शरीराच्या ओळी एकाखाली एक वाचा. डोकेदुखी, जळजळ, तुटकी झोप ठरावीक दिवसांनंतर येते का? कधी कधी ताणाचं मूळ काळजीत नसतं, रात्री साडेदहाच्या शेवभाजीत असतं.

तीन, न झालेली कामं मोजा. निम्म्याहून जास्त राहिली असतील तर कामं अजून लहान करा. आळशी म्हणून स्वतःला कोसू नका.

दोन आठवड्यांनी एवढं बघा: लिहून उठल्यावर अंग थोडं सैल वाटतं का, आणि दिवसात एकच गोष्ट डोक्यात घोळण्याचा वेळ कमी झाला का. काही फरक नसेल तर आधी टप्पा ३ तपासा, बहुधा तो गाळला जात असतो. तो नीट करूनही लिहिल्यावर रोज जास्तच जड वाटत असेल तर लिहिणं थांबवा. सगळ्यांनाच ही पद्धत मानवते असं नाही. काहींना तोच वेळ चालण्यात घालवलेला बरा पडतो.

आणि दोन आठवडे जवळजवळ रोज मन उदास, झोप किंवा भूक गेलेली, कशातच जीव रमत नाही असं असेल, तर जिल्हा रुग्णालयाच्या मानसोपचार विभागात जा. जाताना वही बरोबर न्या. सगळी दाखवायची गरज नाही, टप्पा १ च्या ओळी वाचून दाखवा. झोप कधीपासून बिघडली हे डॉक्टर पहिल्यांदा विचारतात, आणि त्याचं उत्तर तारखेसह तुमच्याकडे तयार असेल.